अकरा बशा

त्या दिवशी ढकलगाडीचं चाक निखळलं नसतं, तर पुढचं काहीच झालं नसतं. चाक निखळणं ही काही प्रेमाची सुरुवात म्हणून मिरवण्यासारखी गोष्ट नाही, पण जे झालं ते झालं.

कप-बशांचा कारखाना होता. भट्टीतून निघालेला माल माडीवरच्या एका लांबट खोलीत तपासला जायचा आणि तिथे खिडकीजवळच्या टेबलावर ती बसायची. एका हातात कप, दुसऱ्या हातात लाकडी दांडी. कपावर दांडी हलकेच मारायची. खणखणीत वाजला तर पुढे, बद्द वाजला तर बाद. मग काठावरून बोट फिरवायचं, झिलईतले बुडबुडे बघायचे, कान सरळ बसलाय का ते बघायचं. तिच्या नजरेतून केसाएवढा तडाही सुटायचा नाही. म्हणून सगळा कारखाना तिला ‘एक्स-रे’ म्हणायचा. तोंडावर नाही, पाठीमागे. पण कारखान्यात भिंतींना कान असतात, आणि तिला ते केव्हाच कळलं होतं.

बाद झालेला माल चुरा होण्याआधी ज्याचा त्याला दाखवायची पद्धत होती. रोज तो ढकलगाडीवरून जायचा. त्या दिवशी चाक गेलं, आणि तिलाच बाद कपांची फळी उचलून अंगणापलीकडच्या खोलीकडे निघावं लागलं. बाहेर बारीक पाऊस होता. अंगणाच्या मध्यावर आली आणि अचानक डोक्यावरचा पाऊस थांबला.

तिने मान वर केली. एका उंच, मातीने पांढऱ्या झालेल्या तरुणाने तिच्या डोक्यावर खोक्याचा पुठ्ठा धरला होता. स्वतः मात्र तो खुशाल भिजत होता.

“एवढे सगळे बाद?” त्याने फळीकडे बघून विचारलं.

“त्रेचाळीस.”

“कोणाचं नशीब फुटलं म्हणायचं?”

“आहे एक जण.”

“बिचारा. त्या एक्स-रेच्या तावडीत सापडला असणार.”

“कोण एक्स-रे?” तिने अगदी साळसूदपणे विचारलं.

“तुम्ही नवीन दिसता. माडीवर बसते ती. म्हणतात की सकाळी आरशात बघून ती स्वतःलाही बाद करते.”

पुठ्ठ्यावर पाऊस टपटपत होता. ती चार पावलं तशीच चालली आणि मग शांतपणे म्हणाली, “रोज नाही करत.”

तो थांबला. पुठ्ठाही थांबला, त्यामुळे ती पुढे जाऊन भिजली आणि मग तो धावत पुन्हा तिच्याजवळ आला. काहीतरी करायला हवं म्हणून त्याने फळीवरचा एक कप उचलून उलटा केला. प्रत्येक कारागीर आपल्या मालाच्या बुडाला खूण करायचा. या कपाच्या बुडाला दोन ठिपके होते. त्याने दुसरा कप उलटला. दोन ठिपके. तिसरा उलटायची हिंमत त्याला झाली नाही.

“हे तर... माझेच आहेत.”

“मग झाली आपली ओळख,” ती म्हणाली.

तो कपांना कान चिकटवायचा. चार वर्षं दुसऱ्या एका कारखान्यात पॅकिंगमध्ये काढून तीन महिन्यांपूर्वी त्याने इथे हे काम मागून घेतलं होतं, म्हणून सगळे त्याला कानवाला म्हणत. ओल्या मातीचा कप, ओल्या मातीचा कान, मध्ये पातळ मातीचं बोट आणि हलका दाब. दाब जास्त झाला की कप बसतो, कमी झाला की भट्टीत कान सुटतो. सगळी कला त्या दाबात.

त्याने फळी खाली ठेवली, ओले केस मागे सारले आणि विचारलं, “तीनशेतले त्रेचाळीस बाद. मग बाकीचे?”

“ते पुढे गेले.”

“त्यांना कोणी काही म्हणालं?”

“कपांना काय म्हणायचं असतं?”

“कपांना नाही हो, मला.” तो हसला, पण विचारणं खरं होतं. “माझ्याकडे परत येतं ते चुकलेलं. जे जमलं ते खोक्यात बंद होऊन जातं. नेमकं काय जमलं होतं ते मला कळणार कसं? रोज एक... फक्त एक चांगला कप बाजूला काढून ठेवाल? आणि तो का चांगला, ते चिठ्ठीवर लिहाल?”

“असा नियम नाही.”

“नसू दे. पावसात पुठ्ठा धरायचा तरी कुठे नियम आहे?”

ती माडीकडे परत निघाली. 

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तिने एक चांगला कप समोर घेतला, आणि तिच्या लक्षात आलं की आपल्याला तो दिसतच नाही. डोळा कपावर टेकायचा, तडा नाही, टवका नाही असं बघायचा आणि घसरून जायचा. तिला हे काम शिकवणाऱ्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “चांगल्यावर रेंगाळू नकोस. डोळा चांगल्यावर रेंगाळला की वाईट निसटतं.” आठ वर्षं तिने ते डोळ्यात तेल घालून पाळलं होतं. इतकं की घरीही तेच. आई म्हणायची, हिला वाढलेल्या ताटात आधी खडा दिसतो. मावशीने ओळख करून दिलेल्या चार मुलांना ती एका कॉफीच्या कपात नाकारून आली होती. एकाचा एक खांदा वर होता, एक प्रत्येक वाक्याच्या शेवटी स्वतःच हसत होता, एकाने घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधलं होतं, आणि चौथ्यात काहीच सापडलं नाही म्हणून तिला त्याचाच संशय आला होता.

तर त्या चांगल्या कपाकडे ती वीस मिनिटं बघत बसली आणि शेवटी चिठ्ठीवर लिहिलं, “कपाला कान आहे.”

संध्याकाळी चिठ्ठी परत आली. मागे मातकट अक्षरांत लिहिलं होतं, “निरीक्षण अचूक. मीच लावला होता.”

ती एकटीच हसली. पॅकिंगच्या मावशी दारातून खोकं घेऊन चालल्या होत्या, त्यांनी ते बघितलं आणि खोकं तिथेच खाली ठेवलं. आठ वर्षांत असं त्यांनी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या चिठ्ठीत तिने लिहिलं, “कानातून बोट नीट जातं.” चौथीत, “भरलेला कप उचलला तरी मनगट वळत नाही.” त्यासाठी तिने कपात पाणी भरून पाहिलं होतं. आणि दहाव्या की अकराव्या दिवशी तिने लिहिलं, “खालचा जोड कुठे संपतो ते बोटाला कळत नाही. कान लावलेला वाटत नाही, कपच जरा पुढे आल्यासारखा वाटतो.” लिहून झाल्यावर ती चिठ्ठी तिने दोनदा वाचली. हे आपणच लिहिलं का, असं तिला वाटलं.

त्या चिठ्ठीला उत्तर आलं नाही. तो स्वतःच आला.

भट्टीच्या मागच्या भिंतीला टेकून एक बाक होता. भिंत दिवसभर कोमट असायची, त्यामुळे पावसाळी हवेत ती जागा म्हणजे सुखच होतं. तो बाकाच्या एका टोकाला बसला, ती दुसऱ्या टोकाला. मध्ये आणखी दोन माणसं आरामात बसली असती.

“तो जोड...” तो म्हणाला, “त्या दिवशी मी अंगठ्याने नाही, करंगळीने पुसला होता. सहज. चांगलं झालंय हे मला माहीतच नव्हतं. आता सगळे तसेच करतो.”

“कळेलच. मागच्या सोमवारचे मात्र चिडून केले होते ना?”

“तुम्हाला कसं कळलं?”

“भट्टीतून माझ्याकडे यायला चार दिवस लागतात. म्हणजे तुमचा सोमवार मला शुक्रवारी दिसतो. त्या दिवशीचे कान पिरगाळल्यासारखे बसले होते.”

“भावाशी भांडलो होतो,” त्याने कबूल केलं. “घरात आईलासुद्धा पत्ता लागला नाही. तुम्हाला कपावरून लागला.”

मग बाकावर रोजच बसणं होऊ लागलं. मधली दोन माणसांची जागा एका माणसाची झाली. एक दिवस तिने त्याला त्या चार मुलांबद्दल सांगितलं. तो पोट धरून हसला आणि मग एकदम गंभीर झाला.

“माझ्यात काय काय सापडलं?”

“चहा पिताना आवाज होतो. बोलता बोलता मध्येच थांबता, समोरच्याला वाटतं संपलं. शर्टाचं तिसरं बटण वेगळ्या रंगाचं आहे.”

“म्हणजे... बाद?”

तिने भिंतीला डोकं टेकलं. भिंत ऊबदार होती.

“तपासणी चालू आहे,” ती म्हणाली.

“घाई नाही,” तो म्हणाला. “सावकाश बघा. मी काही भट्टीतून पळून जात नाही.”

गंमत अशी की डोळ्याला एकदा नवी वाट सापडली की तो त्या वाटेने कुठेही जातो. तिला बसस्टॉपवरच्या म्हातारीची नीटनेटकी घडी घातलेली छत्री दिसू लागली. घरी जेवताना आईच्या हातांकडे लक्ष गेलं, भाजी वाढताना त्या हातांची जराही घाई नसायची. त्या दिवशी भाजीत मीठ कमी होतं, पण ती काही बोलली नाही. आईने तिच्या कपाळाला हात लावून पाहिला. “बरं नाही का वाटत? आज भाजीला नावं ठेवली नाहीस.”

इकडे त्याचे बाद कप त्रेचाळीसवरून वीसवर आले, वीसवरून नवावर, आणि एका आठवड्यात तर रोजचे जेमतेम तीन. ती मनातून फुलून गेली होती. हेच साहेबांच्या डोळ्यावर आलं.

साहेब वाईट माणूस नव्हता, पण आकड्यांवर त्याचा फार जीव. त्याने तिला बोलावून घेतलं. “दीड महिन्यात त्रेचाळीसचे तीन झाले. आणि दीड महिना तुम्ही दोघं एका बाकावर बसता. मी काही म्हणत नाही. पण कानाडोळा होत असेल तर तो कारखान्याला परवडायचा नाही. मोठ्या बाईंना मी बोलावलंय. गोदामातली न गेलेली सगळी खोकी उघडून त्या पुन्हा तपासतील.”

ती बाहेर आली तेव्हा तिचे कान तापले होते. आधी राग आला. मग, जिना उतरता उतरता, रागाच्या खालून भीती वर आली. खरंच केला असेल का आपण कानाडोळा? ज्याच्यात चांगलं शोधायची सवय लावून घेतली, त्याच्यातलं वाईट दिसायचं थांबलं असेल तर? डोळा बिघडला तर तो बिघडलाय हे बघायला दुसरा डोळा नसतो. आठ वर्षांत तिच्याजवळ स्वतःचं म्हणावं असं एकच होतं, ती नजर. तीच खोटी निघाली असती तर नोकरी जाणं ही फार लहान गोष्ट होती.

तो बाकावर वाट बघत होता. त्याला बातमी कळली होती.

“एक विचारू?” तो म्हणाला. “तुम्ही मला सांभाळून घेतलंत का?”

“मुद्दाम नाही.”

“आणि नकळत?”

खोटं बोलणं सोपं होतं. तिने त्याच्याकडे बघून सांगितलं, “माहीत नाही.”

तो बराच वेळ हाताला लागलेली माती खरवडत राहिला. “मला वाटत होतं, माझा हात बसला,” तो म्हणाला. “आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी नीट जमलं, असं वाटत होतं. ते तुमच्या भल्या मनाने झालं असेल तर... मग मला काहीच जमलेलं नाही.”

तिला त्याचा हात धरावासा वाटला. पण खोकी उघडेपर्यंत त्या हातावर आपला हक्क नाही, असंही वाटलं. ती उठून गेली. त्या दिवशी तिने चिठ्ठी लिहिली नाही.

मोठ्या बाई दोन दिवस तपासत होत्या. वय झालेलं, चष्मा जाड, पण कान अजून तीक्ष्ण. दुसऱ्या दिवशी दुपारी पॅकिंगच्या दालनात त्यांनी सगळ्यांना बोलावलं. साहेब, ती, कानवाला, आणि बशा करणारे काका. पॅकिंगच्या मावशींना कोणी बोलावलं नव्हतं, पण त्या दालनातून हलणार नव्हत्याच.

“दोन ठिपक्यांचे नऊशे कप,” मोठ्या बाई म्हणाल्या. “बाद चार. माझ्याकडूनही चार सुटले असते. हे कान उत्तम आहेत. असे कान मी फार दिवसांनी बघितले.”

कानवाल्याने डोळे मिटले आणि उघडले. तिने सुटकेचा श्वास टाकला, पण तो अर्ध्यावरच राहिला, कारण मोठ्या बाईंचं बोलणं संपलं नव्हतं. त्यांनी टेबलावरचं फडकं बाजूला केलं. खाली अकरा बशा होत्या.

“या तडकलेल्या. या पास झाल्यात.”

“माझ्या?” काका पुढे आले. एकेक बशी बघून त्यांचा चेहरा उतरला. “अरे... महिनाभर माझ्या बाद बशा कमी येत होत्या. मला वाटलं, म्हातारपणी हात सुधारला.”

“खोक्यात माल तपासल्याच्या क्रमानेच भरतात,” मोठ्या बाई तिच्याकडे वळल्या. “आधी कपांची फळी, लगेच त्यांच्या बशा. या अकराच्या अकरा वेगवेगळ्या दिवशीच्या, पण दोन ठिपक्यांच्या कपांनंतरच्या पहिल्या डझनातल्या आहेत. दुसऱ्या कोणाच्या कपांमागच्या एकाही बशीला तडा नाही. याच्या कपांची फळी पुढे गेल्यावर तू काय करत होतीस?”

“बशा तपासत होते.”

“हात बशा तपासत होते. डोळे कुठे होते?”

 ती मान खाली घालून उभी राहिली. तिच्या गालांचा रंग बघून पॅकिंगच्या मावशींनी पदर तोंडाला लावला. साहेबांना मात्र काही उलगडा होईना.

“म्हणजे पक्षपात झाला की नाही झाला?”

“झाला की,” मोठ्या बाई म्हणाल्या. “पण बशांवर. कप तिने दोनदा-तीनदा बघितलेत, एकालाही सूट नाही दिली. मग कप गेले आणि नजर त्यांच्याबरोबर गेली. मध्ये बिचाऱ्या बशा उघड्यावर पडल्या.”

अकरा बशा तिच्या नावावर लागल्या. तिने काकांची माफी मागितली, काका म्हणाले, “जाऊ दे पोरी, मलाही कळायला हवं होतं.” आणि साहेबांनी ठरवलं की उद्यापासून दोन ठिपक्यांचा माल दुसऱ्या टेबलावर जाईल. यात अन्याय काही नव्हता. तरी तिला ते ऐकून आत कुठेतरी दुखलं.

जाता जाता मोठ्या बाईंनी तिला बाजूला घेतलं. “चांगल्यावर रेंगाळू नको हे मी तुला टेबलापुरतं शिकवलं होतं ग. तू ते घरीही घेऊन गेलीस?” त्यांनी तिच्या गालावर हात ठेवला आणि आपली पिशवी उचलून निघाल्या.

ती भट्टीमागे आली तेव्हा पाऊस नुकताच उघडला होता. बाक ओला होता, म्हणून ती भिंतीला टेकून उभी राहिली. थोड्या वेळाने तो आला आणि शेजारी टेकला.

“उद्यापासून तुमचे कप माझ्याकडे नाहीत,” ती म्हणाली.

“ऐकलं.”

“वाईट वाटलं?”

“नाही. माझा हात बसलाय हे आज कळलं. आणि दुसरंही एक कळलं... म्हणजे, कळलं असं वाटतंय.” तो मध्येच थांबला. तिला आता माहीत होतं, की तो थांबला म्हणजे संपलेलं नसतं. ती वाट बघत राहिली.

“त्या अकरा बशा...” तो म्हणाला, “त्यांचा अर्थ मी लावतोय तोच आहे ना?”

 छपरावरून थेंब पडत होते, ते तिने चार-पाच ऐकले.

“आठ वर्षं झाली,” ती म्हणाली. “जे चांगलं आहे ते पुढे गेलं की माझ्यासाठी संपायचं. तुमची फळी पुढे गेली की मात्र मी तिच्याकडे बघत राहायचे, दारातून दिसेनाशी होईपर्यंत. मला वाटायचं, मी कप बघतेय.” तिने भिंतीवर हात टेकला. “कप नव्हते ते. तुम्ही आवडता मला. फार.”

तो हसला नाही, चिडवलंही नाही. भिंतीवरचा तिचा हात त्याने सावकाश हातात घेतला. ओल्या मातीवर जेवढा द्यावा तेवढाच दाब होता.

“बरं झालं माझा माल दुसऱ्या टेबलावर गेला,” तो म्हणाला. “तिकडे काय तपासायचं ते तपासू देत. तू आता मला तपासू नकोस. नुसतं बघ.”

तिने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. काही शोधायचं नव्हतं, म्हणून बराच वेळ पाहिलं.